तिळाएवढा बाण

चोंचीच्या पेट्रोल पंपावर परवा
मी नेहमीसारखी गाडी उलट्या बाजूला लावली.
नेल्सन चिगुआय नळी ओढत आला,
डिकीवरून वळवून पाहिली, पुरेना,
मग खिडकीत वाकून
मागच्या ट्रकवाल्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला,
"बाई, काट्याशेजारी बघा. बाण आहे.
ज्या बाजूला टाकीचं झाकण, त्या बाजूला त्याचं टोक."

होता.
पंपाच्या चित्राला चिकटून, तिळाएवढा, पांढरा,
नाकासमोर, एकवीस वर्षं.
याच नेल्सनला मी तिसरीत दोन वर्षं बसवलं होतं,
कारण बी आणि डी यांची पोटं कुणीकडे
हे त्याला काही केल्या सांगता यायचं नाही.

संध्याकाळी, शेवाळ वाळवायच्या पडवीत, मी हे सांगितलं
आणि सगळ्यांचीच गाठोडी सुटली.
ओर्फेलिनाला चाळिशीत कळलं, मनुका आधी द्राक्षं असतात.
"मग तुला काय वाटायचं गं?"
"मनुकांचं झाड."
तिच्या नवऱ्यानं तर साठीत शोध लावला
की फॉइलच्या खोक्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या
की गुंडाळी उडी मारून बाहेर येत नाही.
तीन दिवस तो खोकं काखेत घेऊन गावभर फिरत होता.
हसण्याच्या नादात बटाट्याच्या भाकऱ्या करपल्या.

मग एर्सिलिया मावशी, वय ब्याण्णव,
सुतळीचा गुंता सोडवता सोडवता म्हणाली,
"आणि सुनिल्दाला वाचता येत नव्हतं,
ते तुला कधी कळलं?"

सुनिल्दा माझी आई.
कुणी चमकलं नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.
मी म्हटलं, "आत्ता."

बाबांची पत्रं यायची पातागोनियातून,
मेंढ्या कातरायच्या हंगामात.
"माझे हात पिठाचे आहेत, तू वाच."
हात पिठाचे नसले तर डोळ्यांत चुलीचा धूर,
धूर नसला तर चष्मा सापडायचा नाही.
"ती ओळ पुन्हा वाच, अडखळलीस."
मी अडखळलेली नसायची.
त्या ओळीत बाबांनी तिचं नाव लिहिलेलं असायचं.

खोकल्याच्या बाटलीला लाल दोरा,
गुडघ्यांच्या बाटलीला पांढरा.
मला वाटायचं, हौस.
पलीकडच्या बेटाची लाँच ती रंगावरून ओळखायची,
चर्चमध्ये शेजारणीनं पान उलटलं की हीही उलटायची,
अर्ध्या श्वासानं उशिरा.
आणि मी अडतीस वर्षं
गावातल्या पोराटोरांना मुळाक्षरं शिकवली,
पावसाळी बूट दारात काढून घरी आले,
आणि रोज रात्री तिच्या शेजारी बसून जेवले.

एकदा विचारलं असतं तर?
पण काय विचारणार होते?
"आई, हे काय लिहिलंय?" हे मुलीनं विचारायचं असतं,
आणि मी ते कधीच विचारलं नाही,
मला आधीच सगळं येत होतं.

रात्री झोप लागेना.
अंगणात जाऊन गाडीत बसले, किल्ली फिरवली,
दिवे लागले. आकडे, अक्षरं, आकडे.
मी नेहमी तेवढंच वाचत आले.
ती बसली असती ना या जागेवर,
बाकी सगळं सोडून
तिनं पहिल्या दिवशी, पहिल्या झटक्यात
तो बाण पाहिला असता.
मला सांगितलं नसतं कदाचित.
वाटलं असतं, हिला माहीत असणारच.

सकाळी पंपावर गेले.
बरोबर बाजूला लावली, एका झटक्यात.
नेल्सननं झाकण उघडलं, थोडं ओतलं, थांबला.
"बाई, टाकी भरलेलीच आहे."
म्हटलं, "असू दे रे."